गप्प राहणाऱ्यांचं कुरण

चिरंजीव सरुनी यास, एन्कारे ओरोकहून तुझ्या थोरल्या आजीचा आशीर्वाद. आधी डोकं पुढे कर. केलंस? ठेवला हात. आशीर्वादाची थुंकीसुद्धा मी रीतीप्रमाणे कागदावर टाकली होती, पण लिहिणाऱ्याने ती बाहीने पुसून टाकली. म्हणतो, शाई फुटते. तेव्हा आशीर्वाद जरा सुकाच पोचेल, त्याबद्दल त्याला बोल, मला नको. तब्येत कशी आहे? जेवतोस ना? नैरोबीत दूध पिशवीतून येतं म्हणे. जिचं तोंड कधी पाहिलं नाही अशा गायीचं दूध कसं पचतं तुम्हाला, देव जाणे. पण तू आता मोठा झालास, यंत्रांना शिकवतोस, तुला दूध कुठलं प्यायचं ते मी कोण सांगणार.

पत्र लिहवून घेते आहे, कारण फोनवर तू माझं ऐकत नाहीस. "हो आजी, हो आजी" म्हणतोस आणि मागे भलत्याच कुणाशी बोलत असतोस. मागल्या खेपेला मी मुद्दाम म्हटलं, "सरुनी, मला सिंहाने खाल्लं," तर तू म्हणालास, "बरं झालं आजी, काळजी घे." त्यानंतर तर तू फोन उचलणंच सोडलंस. पत्राला हो-हो करता येत नाही. हे शहराकडे जाणाऱ्या मटाटू गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देणार आहे आणि त्याला सांगणार आहे की सरुनी वाचून संपवेपर्यंत समोरून हलू नकोस, त्याने चहा दिला तर पी, पण हलू नकोस.

मला अक्षर येत नाही, म्हणून लिहितो आहे तुझा परमुआत काका. त्याला सध्या वेळच वेळ आहे. कुरण समितीने त्याला कारकुनीवरून घरी बसवलंय. का, ते पुढे येईलच. (लिही रे, परमुआत. तुझी निंदा आली म्हणून अक्षर बारीक काढू नकोस. मला वाचता येत नसलं तरी बारीक-मोठं दिसतं.)

आता बातमी. आपल्यात आधी सगळं कुशल सांगायचं आणि मग हळूच 'फक्त' म्हणायचं, ही रीत मी मोडणार नाही. तर माणसं कुशल. लेकरं कुशल. गुरं कुशल, शेळ्या कुशल, गाढवं तर नेहमीचीच कुशल. फक्त पाऊस आला नाही. फक्त ओढ्यात आता पाण्याऐवजी मुलं खेळतात. फक्त गुरांच्या फासळ्या माझ्या या अर्ध्या डोळ्यांनाही दुरून दिसतात. फक्त तुझी धाकटी आजी गेली. ते तुला ठाऊकच आहे, तू आला होतास, आमच्याबरोबर डोकं भादरून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी मिटिंग आहे म्हणून तसाच तुळतुळीत पळालास. आणि फक्त तुझ्या यंत्राने आधी सगळ्या गावाला कुरणाबाहेर काढलं आणि मग मेलेल्यांना तेवढं आत घेतलं. एवढं सोडलं तर सगळं कुशल आहे.

धाकटीबद्दल थोडं बोलते, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. सवत कशी असते ते तुला कळायचं नाही. तुझ्या पिढीला एक बायको सांभाळताना धाप लागते. ती आली तेव्हा फाटकाच्या उजव्या हाताचं घर माझं आणि डावीकडचं तिचं. मध्ये गुरांचा गोठा, आणि गोठ्यावरून आमची तोंडं. तिच्या दुधाच्या तुंब्याला धुराचा वास नीट लागायचा नाही असं मी म्हणायची, माझ्या दुधात नुसता धूरच असतो असं ती म्हणायची. माझ्या घराला शेणाचा लेप द्यायला ती यायची ती फक्त भिंतीला नावं ठेवायला. (हे खरं की नाही, परमुआत? तुझी आईच होती, तुला माहीत. मान हलवू नकोस, लिही.) मी आधी आले होते, आधी जायची पाळी माझी होती, तिथेही मेलीने रांग मोडली. आणि जायच्या आधी सगळ्यांदेखत तिने ती काळी गाय माझ्याकडे वळवली, ती एक शिंग वाकडं असलेली. म्हणाली, "ही थोरलीची. तिच्या दुधाला आता तरी बरी चव येऊ दे." यावर मी काय बोलणार? मरणाऱ्या बाईने शेवटचा शब्द असा मारून ठेवला की उत्तर द्यायला समोर कुणी राहिलंच नाही.

तर ती गाय आता माझी, आणि ती गाभण आहे, आणि तिला गवत हवंय. एवढीच काय ती माझी गोष्ट आहे, सरुनी. बाकी सगळा पसारा तुझा.

डोंगरावरचं राखून ठेवलेलं गवत समितीने यंदा उघडलं. अशक्त गुरं, वासरं आणि गाभण गाया आधी, असं ठरलं. तारेचं कुंपण, एक फाटक, फाटकावर लेकिशोन राखणदार आणि लेकिशोनच्या हातात तुझं ते काचेचं यंत्र. ज्याचं जनावर काचेत दिसेल ते आत, नाही दिसणार ते बाहेर. तुझं यंत्र आलं तेव्हा आम्ही बैल कापला होता, आठवतंय ना? तू चुलीशी बसून मला समजावलंस. म्हणालास, आजी, यंत्राला माणसाची भाषा कळत नाही, त्याला त्याच्या भाषेत एक वाक्य करून विचारावं लागतं. आणि ते वाक्य आधीपासून लिहून ठेवलेलं नसतं, माझी स्क्रिप्ट ते त्या त्या वेळी जुळवते. (कुठल्याशा सापाच्या नावाच्या भाषेत तू ती लिहिलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. गुरं राखायला साप ठेवतं का कुणी?) मी मणी ओवत होते, तर तू माझ्याच हातातली माळ घेऊन दाखवलीस. नाव सांगितलं तर नावाचा मणी, वस्ती सांगितली तर वस्तीचा मणी, जनावराचा रंग सांगितला तर रंगाचा. जेवढे रकाने भराल तेवढे मणी ओवले जातात आणि त्या माळेने यंत्र आपली माणसं वेचून काढतं. आणि मोठ्या अभिमानाने म्हणालास, "रकाना रिकामा ठेवला तरी चालतं, आजी. सरकारी कागदासारखं कुणाला अडवत नाही माझं यंत्र." मला फार बरं वाटलं होतं. माझा नातू कुणाला अडवत नाही. मी चार बायांना सांगत सुटले होते.

आता ऐक काय झालं. धाकटी गेल्यावर तिला यंत्रातून काढायचं होतं आणि गाय माझ्याकडे लावायची होती. ते काम समितीच्या कारकुनाचं, म्हणजे परमुआतचं, म्हणजे तिच्याच मुलाचं. तो काँप्युटरपुढे बसला. पुसायचं पान उघडलं. पहिलाच रकाना: मालकाचं नाव. आता तू सांग, त्यात तो काय लिहिणार? आपण मासाई माणसं. गेलेल्याचं नाव आपण तोंडाने घेत नाही. त्याने बिचाऱ्याने वस्तीतल्या म्हाताऱ्यांना जाऊन विचारलं, की तोंडाने नाही घेतलं, नुसतं बोटाने दाबलं तर चालेल का? म्हातारे सावलीत बसून दिवसभर त्यावर बोलले. एक म्हणाला, बोट म्हणजे काही जीभ नव्हे. दुसरा म्हणाला, मुक्याची बोटंच त्याची जीभ असते. शेवटी ठरलं की बोटाने घेतलेलं नावही नावच. परमुआत परत येऊन बसला. वस्तीही लिहीना, कारण वस्ती लिहिली की बोट तिच्याच घराकडे दाखवतंय असं त्याला वाटलं. गायीचा रंगही लिहीना. (का नाही लिहिलास? हां, रडत होतास. तेही लिही.) सगळे रकाने रिकामे ठेवले, 'मयत' एवढ्या चौकटीत खूण केली आणि मनातल्या मनात आईला निरोप देऊन बटण दाबलं. त्याला वाटलं, सरुनीचं यंत्र आहे, आपल्या घरचं आहे, रिकाम्या जागेत कोण आहे ते त्याला कळेल.

आपल्या घरातल्या चुलीलासुद्धा कळलं असतं. यंत्राला कळलं नाही. माळेत एक मणी नाही, नुसता दोरा. आणि नुसता दोरा म्हणजे त्याच्या लेखी सगळी माणसं. "अमुक नावाची बाई काढ" यातली अमुक नावाची बाई गळली आणि उरलं नुसतं "काढ". त्याने काढलं. आख्खं एन्कारे ओरोक एका दमात मेलं, सरुनी, आणि कुणी डोकंसुद्धा भादरलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकावर जो तमाशा झाला तो तू बघायला हवा होतास. सगळ्या वस्त्यांची गुरं तारेला तोंडं लावून उभी आणि लेकिशोन काच पुसतोय, जशी काही माणसं धुळीखाली लपलीत. "तू नाहीस," तो प्रत्येकाला सांगतोय. "तूही नाहीस." अध्यक्ष कोइनेट कोट घालून आला, त्यालाही म्हणाला, "साहेब, तुम्हीपण नाही." तेवढा एक क्षण मला तुझं यंत्र आवडलं.

मग तुला फोन गेला. तेव्हा मात्र तू उचललास, कारण अध्यक्षाचा होता. आणि जरा वेळाने म्हणालास, "झालं. जुनी प्रत होती माझ्याकडे, सगळं पूर्ववत केलंय." पूर्ववत म्हणजे काय ते तुला नैरोबीत बसून दिसत नसेल, म्हणून सांगते. तुझी प्रत धाकटी आजारी पडायच्या आधीची. त्यात ती ठणठणीत आहे. तिची काळी गाय तिच्याच नावावर आहे. ज्यांनी दुष्काळाच्या भीतीने गुरं विकली त्यांची विकलेली गुरं काचेत उभी आहेत, लठ्ठ आहेत. मेलेले बैल आहेत. कसायाने कापलेला बोकड आहे. तुझ्या काचेत इतकं भरलेलं गाव आहे की जाऊन तिथेच राहावंसं वाटतं. बाहेर मात्र त्या प्रतीनंतर जन्मलेली आणि हात बदललेली खरी गुरं, काचेत नाहीत म्हणून, फाटकाशी बसायला लागली आहेत, आणि दुष्काळात गाय एकदा बसली की तिला उठवायला शेपटी धरून चार माणसं लागतात.

अध्यक्ष म्हणाला, सोपं आहे, त्या बाईचं नाव घाला, काढा आणि गाय हिच्या नावावर करा. परमुआत म्हणाला, नाव घालता येत नाही. अध्यक्ष शहरात शिकलेला, रविवारी पुढच्या बाकावर बसणारा, म्हणाला, "ह्या जुन्या खुळांपायी जनावरं मारणार का तुम्ही? सरक, मी घालतो. मला पाठ आहे नाव," आणि मोठ्याने म्हणायला तोंड उघडलं. तुझ्या काकाने त्या उघड्या तोंडावर हात दाबला. सगळ्या समितीदेखत. मुंगीला वाट देणारा हा माणूस, आणि अध्यक्षाचं तोंड असं धरलं जसं वासराला औषध पाजताना धरतात. म्हणून तो घरी बसलाय, म्हणून समितीत यंत्रातली नोंद बदलणारं कुणी नाही, आणि म्हणून हे पत्र इतक्या चांगल्या अक्षरात आहे. (आता लाजू नकोस. तिला बघायला आवडलं असतं.)

मग मी स्वतः गेले. काळीला हाकत, काठी टेकत, डोंगर चढून. लेकिशोन माझ्या भावाचा नातू, माझ्या हातचं दूध पिऊन वाढलेला. मला लांबून ओळखलं, डोकं पुढे केलं, मी हात ठेवला. मग सरळ उभा राहिला आणि विचारतो काय, "नाव?"

मी म्हटलं, "लेकिशोन, तुला माझं नाव माहीत नाही?"

"माहीत आहे आजी. पण तुझ्या नावावर काचेत गाय नाही. ही ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव सांग, लगेच सोडतो."

"ते तुलाही माहीत आहे."

"आहे ना," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघायला लागला. "पण मी तरी ते कसं घेऊ?"

आम्ही दोघं तिथे उभे. नाव त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक, गायीलाही ठाऊक. धाकटीने हाक मारली की ती तर धावत यायची. पलीकडे गुडघ्याएवढं गवत. मी कुणाशी कधी भांडणात हरले नाही, धाकटीशीसुद्धा नाही, पण त्या दिवशी तिचं नाव माझ्या घशाशी आलं आणि तिथेच बसलं, काळी बसते तसं. मी गप्प राहिले. लेकिशोनही गप्प राहिला. काहीतरी करायचं म्हणून त्याने काहीच न लिहिता बटण दाबलं. आणि काच हिरवी झाली! कुणीतरी सापडलं म्हणे. कोण सापडलं विचारलं, तर म्हणाला, "आजी, सगळेच सापडले."

काळी आत गेली.

तुला वाटेल, मग रडतेस कशाला? थांब. अशी गोष्ट फाटकावर लपते होय? दोन दिवसांत सगळं गाव गप्प राहायला शिकलं. लेकिशोन "नाव?" विचारतो, समोरचा आभाळाकडे बघतो, काच हिरवी होते. आधी गरीब आले, ज्यांची एखाददुसरी गाय. मग ज्यांची नावं काचेत व्यवस्थित आहेत तेही गप्प राहायला लागले, कारण नाव सांगितलं की जेवढी लावलीत तेवढीच जनावरं आत जातात, आणि गप्प राहिलं की कितीही. काल अध्यक्ष कोइनेट आला. मागे त्याचा आख्खा कळप, धूळ उडवत, त्यात एकही गाभण नाही की अशक्त नाही. आयुष्यात कुठल्या सभेत तो माणूस गप्प बसलेला कुणी पाहिला नाही. काल बसला. काय सुंदर गप्प बसला, सरुनी! कोटाची बटणं लावून, हात मागे बांधून, जसा काही त्याच्याच घरी कुणी गेलंय. त्याचा कळप आत गेला आणि संध्याकाळी फाटकाजवळचं गवत खाली मातीपर्यंत दिसायला लागलं.

माझी काळी त्यांच्या मागे मागे उरलंसुरलं हुंगत फिरते. असंच चाललं तर ती व्यायच्या आत डोंगर उघडा पडेल.

आणि मला राग कोइनेटचा नाही. तो होताच तसा. लेकिशोनचा नाही, परमुआतचा तर नाहीच. राग तुझा आहे. तू परका असतास तर म्हटलं असतं, परक्याला काय कळतंय. तू याच चुलीशी वाढलास. तुझे आजोबा गेले तेव्हा तू एवढासा होतास, आणि त्यांचं नाव तोंडातून निघालं म्हणून मी तुझ्या ओठांवर बोट ठेवलं होतं. इथे माणूस गेलं की त्याची जागा रिकामीच ठेवतात, हे तुला माहीत होतं. तरी तू असं यंत्र केलंस की ज्याला रिकाम्या जागेचा अर्थ 'कुणीही' असा लागतो. इतका लांब गेलास का रे?

तेव्हा आता हातातलं सगळं बाजूला ठेव आणि नीट दुरुस्त कर. तिला यंत्रातून काढ, गाय माझ्या नावावर लाव आणि ते भोक बुजव. नाही जमलं तर सरळ सांग, मी इकडे सगळ्यांना सांगेन की माझा नातू नैरोबीत पिशवीचं दूध विकतो.

तुझ्या डोक्यावर पुन्हा एकदा हात, जरा जोरात.
तुझी थोरली आजी

ता. क. येताना माझ्यासाठी चहापत्ती आण, आणि लाल मणी, बारीक. तुझं यंत्र समजावताना तू माझी माळ तोडून गेलास, ते तुला आठवत नसेल.

ता. क. परमुआतच्या नोकरीबद्दल तू अध्यक्षाला काही बोलू नकोस. तो म्हणतो, त्याला परत जायचंच नाही. (खरं बोललास ना? बरं.)

ता. क. पाकिटात गवताची काडी घातली आहे. डोंगरावरची आहे. आपल्यात काडी पुढे केली की समोरच्याने हात थांबवायचा आणि ऐकायचं, तर ऐक. वर जे लिहवलं, तिला काढ आणि गाय माझ्या नावावर लाव, ते राहू दे. ते मी परमुआत लिहीत होता म्हणून म्हटलं. आता तो गाढवाला पाणी दाखवायला गेलाय आणि हे लेकिशोनची बायको लिहिते आहे, म्हणून अक्षर वेगळं. तिला काढू नकोस, सरुनी. इथे तिचं नाव आता कुणीच घेणार नाही, मीही नाही. एक तुझी काचच काय ती घेते. भोक मात्र बुजव, पण असं बुजव: फाटकावर कुणी काहीच सांगितलं नाही, तर यंत्राने 'सगळे' समजायचं नाही, 'ती' समजायचं. असा एक मणी तुला ओवता येईल ना? तिचं नाव तुलाही लिहायला लागू नये म्हणून वाटही सांगते. वाकड्या शिंगाची काळी गाय शोध आणि तिच्यासमोर जी मालकीण दिसेल तीच धर. मग कोइनेट खुशाल गप्प राहून येऊ दे, काचेत एक काळी गाय दिसेल आणि लेकिशोन म्हणेल, साहेब, तुमची काळी दाखवा. आणि मी येईन, लेकिशोन विचारेल, "नाव?", मी तोंड मिटून उभी राहीन, आणि त्या साऱ्या डोंगरावर फक्त तुझ्या यंत्राला कळेल की मी कुणाचं नाव घेतलं.